मामा, माझा आरसा फुटला!
वीकेंडला वेल्ह्याच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार न्यायची हौस, एक अरुंद पूल आणि त्यानंतर अंगणात रंगलेला ‘डू इट युवरसेल्फ’चा प्रयोग. फुटलेला आरसा घरी बदलता येतो का? येतो बॉस, पण आधी हे वाचा!

रविवारी सकाळी साडेसहाला कात्रजचा बोगदा ओलांडला की पुणेकराचा मूड बदलतो. खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकायचा, चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं, नसरापुरात एक कटिंग मारायचा आणि पुढे वेल्ह्यापर्यंत रस्ता आपला. समोर राजगड, त्याच्या मागे तोरणा, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. ऑफिसची डेडलाइन, क्लाएंटचा कॉल, अप्रेझलचं टेन्शन, सगळं बोगद्याच्या पलीकडे राहिलेलं असतं.

मीही अशीच निघाले होते. गाडी कोणती ते विचारू नका, कंपनीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय. एवढंच सांगते की दोन दरवाजे, दोन सीट, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि माझ्या आधी दोन मालकांची लाडकी. थोडक्यात काय, तर सेकंड-हँड स्पोर्ट्स कार. घरच्यांच्या मते ‘एवढ्या पैशात वन बीएचकेचं डाउन पेमेंट झालं असतं’ या कॅटेगरीतली.

विंझरच्या अलीकडे एक छोटा पूल लागला. समोरून एसटी आली. एसटीला जागा देणं हा या रस्त्यावरचा पहिला नियम, म्हणून मी गाडी डावीकडे घेतली. आणखी थोडी घेतली. मग ‘खाड्!’ असा एक आवाज आला आणि पुढचा सेकंदभर मला वाटलं की टायर फुटला. टायर ठीक होता. पुलाच्या कठड्याने माझा डावा आरसा खाल्ला होता. काच रस्त्यावर, बूड तडकलेलं, आणि उरलेला सांगाडा दोन वायरींवर लोंबकळतोय. चूक शंभर टक्के माझी. एसटीच्या ड्रायव्हरने तर जाता जाता हात दाखवून आभारही मानले!

एवढंसं तर फुटलंय...

आता बोला! डावा आरसा गेला म्हणून कोणी वीकेंड रद्द करतं का? मीही केला नाही. वेल्ह्याजवळ मामांकडे गेले, मामीच्या हातची तांदळाची भाकरी आणि चिकन हाणलं आणि दुपारी पुण्याला परत निघाले. ‘फक्त डावाच तर आहे, उजवा आहे की’ हा माझा युक्तिवाद. मामा काही बोलले नाहीत, फक्त फुटक्या आरशाकडे बघत राहिले. मामा रिटायर्ड माणूस, आयुष्यभर एसटीच्या भोर डेपोत मेकॅनिक. त्यांचं ते गप्प बसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चेलाडी फाट्याला हायवे लागतो. रविवार संध्याकाळ, अख्खं पुणे घरी परतत होतं. मी सर्व्हिस रोडवर थोडी डावीकडे सरकले, आणि कानाशी एक हॉर्न किंचाळला. बाइकवर नवरा, मागे बायको आणि दोघांच्या मध्ये चारेक वर्षांचं पोर. माझ्या दरवाज्यापासून हातभर अंतरावर. त्याने ब्रेक दाबला, बाइक डुगडुगली, सावरली. तो माणूस काही बोललाही नाही. फक्त एकदा त्या लोंबकळणाऱ्या सांगाड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि निघून गेला.

माझे हात थरथरत होते. गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं तशीच बसले आणि मग यू-टर्न मारून हळूहळू, जवळजवळ सायकलच्या स्पीडने, मामांच्या अंगणात परत आले. मामा पायरीवरच होते. म्हणाले, “आलीस ना परत? बरं झालं. डेपोत आरसा नसलेली गाडी आम्ही गेटबाहेर सोडत नव्हतो. डायवरने कितीबी बोंब मारली तरी.”

गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकली. मी एसटीने स्वारगेटला आले.

आरसा नव्हता तेव्हा

आज आपल्याला आरशाशिवाय गाडी ही कल्पनाच सहन होत नाही. पण बरीच वर्षं गाड्या तशाच धावत होत्या. डोरोथी लेव्हिट ही ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर. तिने १९०९ मध्ये ‘द वुमन अँड द कार’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात गाडी चालवणाऱ्या बायकांना सल्ला दिला, की एक छोटा हात-आरसा जवळ ठेवा आणि मधूनमधून तो वर धरून मागची वाहतूक बघा. म्हणजे रिअर व्ह्यू मिररची आयडिया पर्समधून आली म्हणा ना! पुढे १९११ मध्ये इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडीत बसून उतरला. बाकीच्यांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक होता, हॅरूनने त्याच्या जागी गाडीवर आरसा बसवला. आणि पठ्ठ्या जिंकला!

आपल्याकडे तर साध्या मारुती ८०० ला कित्येक वर्षं डावा आरसा नसायचाच. तो ‘ॲक्सेसरी’मध्ये मोडायचा, सीट कव्हर आणि गणपतीच्या मूर्तीसारखा. त्यामुळे आपल्या आधीच्या अख्ख्या पिढीला डावीकडे न बघता गाडी चालवायची सवय लागली. आणि आपल्या रस्त्यांवर दुचाकी कुठून येते? डावीकडूनच.

स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. सीट खाली, मागची काच चिंचोळी, मागचा खांब जाडजूड. मान वळवून बघितलं तरी अर्धं चित्र त्या खांबामागे लपतं. म्हणजे ज्या गाडीला आरशाची सगळ्यात जास्त गरज, तिचाच आरसा सगळ्यात महाग!

क्लेम करू की नको?

सोमवारी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या दोन महिन्यांच्या ईएमआयपेक्षा जास्त होता. वर पार्ट यायला किती दिवस लागतील तेही नक्की नाही.

मग इन्शुरन्सचा विचार केला. इथे थोडं गणित आहे, ते समजून घ्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेच्या भागाला घसारा लागत नाही, पण प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर थेट ५० टक्के कापले जातात. आरशात काच कमी आणि प्लॅस्टिकच जास्त! झिरो-डेप घेतलं असेल तर ही कपात वाचते. पण दुसरी मेख म्हणजे नो क्लेम बोनस. पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की ही शिडी पुन्हा खालून चढायची. माझा बोनस ४५ वर पोचला होता. एका आरशासाठी सापाच्या तोंडात जाऊन पुन्हा पहिल्या घरात यायचं? नको रे बाबा.

तेव्हा ठरलं. पार्ट आपण शोधायचा, आपणच बसवायचा.

आरशाची शोधाशोध

‘आरसा फुटला’ असं आपण म्हणतो, पण आरसा हा एक पार्ट नसतोच. बाहेरून आत गेलं तर आधी काच, तिच्या मागे प्लॅस्टिकची पाटी, मग काच हलवणारी छोटी मोटर, भोवती घर, घरावर गाडीच्या रंगाची टोपी, बऱ्याचदा इंडिकेटर, आणि शेवटी दरवाज्याला धरून ठेवणारं बूड. नुसती काच गेली असेल तर नुसती काच मिळते आणि ती क्लिपांवर बसते, दहा मिनिटांचं काम. टोपीवर ओरखडे असतील तर नुसती टोपी बदला. माझं बूडच तडकलं होतं, त्यामुळे पूर्ण असेंब्ली लागणार होती.

साध्या गाडीसाठी पुण्यात नाना पेठ जिंदाबाद. माझ्या गाडीचं नाव ऐकून मात्र नाना पेठेत एका काकांनी मला चहा पाजला आणि कुर्ल्याचा पत्ता दिला. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सची दुकानं आहेत. तिथे पहिल्याच दुकानात अगदी हुबेहूब आरसा निघाला. मी पाकीट काढणार, तेवढ्यात मामांचं वाक्य आठवलं, “स्टेरिंग कुठल्या बाजूचं होतं ते इचार.”

आणि तीच तर गोम होती. तो आरसा डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा होता. तुम्ही म्हणाल, डावा तो डावाच की! नाही. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावा आरसा ड्रायव्हरच्या नाकासमोर असतो. आपल्याकडे तोच आरसा ड्रायव्हरपासून लांब, पलीकडच्या दरवाज्यावर. त्यामुळे काचेचा कोन वेगळा, कधीकधी काचेची वक्रताही वेगळी. बसवला तर बसेल, पण मोटर पूर्ण फिरवूनही आपल्याला हवं ते दिसेलच असं नाही. म्हणून परदेशातून आलेला जुना पार्ट घ्यायचा असेल तर तो जपान किंवा ब्रिटनसारख्या, म्हणजे आपल्यासारख्याच डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशातला हवा.

दुसरी गोष्ट कनेक्टरची. आरसा नुसता वर-खाली होणारा असेल तर वायरी कमी. घडी होणारा, काच गरम करणारा, इंडिकेटरवाला, कॅमेरावाला असेल तर वायरी वाढत जातात. फुटक्या आरशाचा कनेक्टर सोबत घेऊन जा आणि पिना मोजा. फोटो दाखवून भागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बिल. महागड्या गाड्यांचे आरसे चोरीला जातात हे काही गुपित नाही. फारच स्वस्तात, बिलाशिवाय मिळालेला आरसा कदाचित काल रात्री कोणाच्या तरी पार्किंगमधून निघालेला असतो. आणि चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणं हा गुन्हा आहे.

दोन आठवडे फोनाफोनी केल्यावर मला उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा, बिलासकट, काळ्या रंगाचा आरसा मिळाला. माझी गाडी लाल. पण टोपी माझ्या फुटक्या आरशाची शाबूत होती. दोन ओरखडे सोडले तर!

जग्वारलाही उसना आरसा

पार्ट शोधताना एक गंमत कळली आणि माझं दुःख जरा हलकं झालं. कमी संख्येने गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आरशासारखी वस्तू स्वतः बनवण्याच्या फंदात फारशा पडत नाहीत. साचे बनवायचा खर्चच एवढा असतो की शेकड्यात विकल्या जाणाऱ्या गाडीला तो परवडत नाही. मग दुसऱ्याच्या गाडीचा आरसा उचलतात. नव्वदच्या दशकातली जग्वार एक्सजे२२० ही त्या काळातल्या जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक, ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे जाणारी. तिचे आरसे सित्रोएन सीएक्स नावाच्या फ्रेंच फॅमिली कारचे होते! म्हणजे सुपरकारच्या मालकाचा आरसा फुटला, तर त्याने फॅमिली कारच्या भंगारात शोधायचा.

आपल्या मातीतल्या स्पोर्ट्स कार तरी कुठे वेगळ्या? गोव्यात तयार झालेली, उघड्या टपाची, दोन सीटची सॅन स्टॉर्म आठवतेय? तिचं इंजिन रेनोचं. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये झळकली, तिचंही दोन लिटरचं टर्बो इंजिन रेनोचंच. आज या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा. इंजिनाचा पार्ट एकवेळ मिळतो, पण दरवाज्याचं हँडल किंवा आरसा म्हणजे खजिन्याचा शोध. म्हणून अशी गाडी घेताना आधी मालकाला एकच प्रश्न विचारा, आरसा कोणत्या गाडीचा बसतो?

ऑपरेशन अंगण

शनिवारी सकाळी आठला मी मामांच्या अंगणात हजर. ताडपत्री काढली तर सीटवर पेंढ्याच्या काड्या आणि बॉनेटवर कोंबडीची पावलं. मामांनी मात्र तयारी पूर्ण ठेवली होती. जुनी चादर, मासे ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा (स्क्रू ठेवायला!), टॉर्च आणि काठीला बांधलेलं लोहचुंबक. मी आणलं होतं स्टार बिटचा सेट, दहा नंबरचा पाना, मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या.

मी लगेच पट्टी घेऊन दरवाज्याला भिडणार, तर मामा म्हणाले, “अगं थांब. ऊन येऊ दे. थंडीत प्लॅस्टिक काचंवानी तुटतं.” तासभर चहा झाला. दरवाजा उन्हात कोमट झाला आणि मगच काम सुरू. पुढे ज्या क्लिपा सुखरूप निघाल्या, त्याचं श्रेय त्या तासाला.

पहिली पायरी बॅटरी. अशा गाड्यांच्या दरवाज्यात किंवा सीटमध्ये साइड एअरबॅग असू शकते, आणि तिच्या वायरीजवळ चालू करंटमध्ये हात घालायचा नसतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. पण स्पोर्ट्स कारमध्ये त्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दरवाज्याच्या काचेला चौकट नसेल तर काच आधीच पूर्ण खाली घ्या. अशी काच दरवाजा उघडताना बोटभर आपोआप खाली सरकते. करंट नसला की ती सरकत नाही आणि छताच्या रबरात अडकते. दोन, बॅटरी डिकीत असेल आणि डिकी बटणावर उघडणारी असेल तर डिकी उघडीच ठेवा. बंद झाली तर बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर!

दुसरी पायरी डोअर पॅड. बऱ्याच साध्या गाड्यांमध्ये आरशाच्या आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकचा त्रिकोण असतो. तो ओढून काढला की तीन नट दिसतात, काम सोपं. माझ्या गाडीचा आरसा मात्र थेट दरवाज्याच्या पत्र्यावर बसवलेला. म्हणजे आतलं अख्खं पॅड काढणं आलं. हँडलच्या खोबणीत, छोट्या टोपणाखाली, दिव्यामागे स्क्रू लपलेले असतात, ते आधी शोधायचे. सगळे निघाले की पॅड खालून ओढायचं, एकेक क्लिप ‘टक् टक्’ करत सुटते, आणि शेवटी वर उचलायचं. जोर लावूनही येत नसेल तर अजून एक स्क्रू राहिलाय असं समजा. माझा राहिला होता.

पॅड सुटलं तरी सोडून द्यायचं नाही. मागे हँडलची केबल आणि स्विचच्या वायरी असतात. मामांनी पॅड धरलं, मी कनेक्टर सोडवले. प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. मामांना ही आयडिया एवढी पसंत पडली की म्हणाले, “आमच्या टायमाला ह्ये असतं तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या.”

पॅडच्या मागे काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला एक पडदा असतो. तो फाडायचा नाही, हळूच सोलायचा. दरवाज्यात शिरलेलं पावसाचं पाणी गाडीत येऊ न देणं हे त्याचं काम. तो नीट चिकटवला नाही तर पहिल्याच पावसात पायाखाली तळं. आणि वेल्ह्याचा पाऊस म्हणजे काय, ते मढे घाटात एकदा जाऊन बघा.

तिसरी पायरी खुद्द आरसा. दरवाज्याच्या रंगावर बाहेरून टेप आणि जाड टॉवेल लावला. आतल्या पोकळीत फडकं कोंबलं, म्हणजे स्क्रू निसटला तर थेट तळाशी जाणार नाही. तीन स्टार स्क्रू. शेवटचा सोडवताना बाहेरून आरसा कोणीतरी धरायलाच हवा, नाहीतर तो पत्र्यावर आपटून जातो. मामींनी पदर खोचून धरला. तेवढ्यात माझ्या हातून तिसरा स्क्रू निसटला, फडक्याच्या बाजूने घरंगळला आणि दरवाज्याच्या पोटात ‘टिंग’ करून पडला. मी कपाळावर हात मारला. मामांनी शांतपणे काठीचं लोहचुंबक आत घातलं आणि अर्ध्या मिनिटात स्क्रू बाहेर! ते चुंबक एका जुन्या स्पीकरचं होतं.

नवा आरसा बसवणं म्हणजे हेच सगळं उलट. बुडाखालचं रबर नीट बसलंय ना बघायचं, नाहीतर शंभरच्या स्पीडला शिट्टी वाजते. वायर खिडकीच्या काचेच्या वाटेत येणार नाही अशी जुन्याच मार्गाने न्यायची. तिन्ही स्क्रू आधी हाताने धरवायचे, मग थोडे थोडे करत सारखे आवळायचे. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर बूड तिरकं बसून तडकतं. मी जोर लावायला लागले तर मामांनी मनगट धरलं. “बास. बसची चाकं न्हाईत ती.”

चौथी पायरी टेस्ट. पॅड ठोकून बसवायच्या आधी करा, नंतर नाही. मात्र इग्निशन चालू करण्याआधी दरवाज्यातले सगळे कनेक्टर परत जोडलेले हवेत. एखादा एअरबॅगचा सेन्सर सुटा राहिला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो घालवायला पुन्हा स्कॅनर शोधावा लागतो. काच वर, खाली, डावी, उजवी. घडी. इंडिकेटर. सगळं चाललं! मामींनी टाळ्या वाजवल्या. शेजारची दोन पोरं मघापासून कुंपणावर बसून मॅच बघितल्यासारखी बघत होती, त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

लाल टोपी शेवटी ‘टक्’ करून बसली. बॅटरी काढल्यामुळे काचांचं ऑटो विसरलं जातं, त्यासाठी काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच दाबून धरलं. काम संपलं तेव्हा साडेबारा वाजले होते. सर्व्हिस सेंटरवाल्यांना तासभर लागला असता, हे मान्य. पण त्यांच्याकडे मामी नव्हत्या!

बसवला, पण दिसतंय काय?

आरसा बसवणं हे अर्धं काम. तो लावणं हे उरलेलं. आपल्यापैकी बहुतेकजण आरशात आपल्याच गाडीची बाजू ऐसपैस बघत असतो. गाडी आपली, मान्य, पण ती कुठे पळून जात नाही! जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरने १९९५ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवा आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवा. डावा लावताना डोकं दोन सीटच्या मध्ये आणा आणि तसंच करा. मग सरळ बसा. आता आतल्या आरशातून गेलेली गाडी बाजूच्या आरशात येते, आणि तिथून गेली की थेट नजरेच्या कडेला दिसते. मध्ये गायब होण्याची जागा खूप कमी होते. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

आणखी एक. बाजूच्या आरशाची काच थोडी फुगीर असते. त्यामुळे जास्त दिसतं, पण लहान आणि लांब दिसतं. फुटक्या आरशावर नाक्यावरून सपाट काच कापून चिकटवणं हा आपला लाडका जुगाड आहे. पण सपाट काचेत दिसणारा पट्टा अरुंद होतो, आणि नेमकी ती बाइक त्या पट्ट्याच्या बाहेर राहते. दोनशे रुपये वाचतात, पण कोणाच्या जिवावर?

अंगणात बसण्याआधी एवढं बघा

• नक्की काय फुटलंय ते ठरवा: काच, टोपी की पूर्ण असेंब्ली.
• पार्ट उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचा आहे ना? पिना जुळतात ना? बिल आहे ना?
• काच खाली, डिकी उघडी, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि पंधरा मिनिटं थांबा.
• जास्तीच्या क्लिपा आणून ठेवा. दोन-तीन तुटणारच.
• एकट्याने करू नका. शेवटच्या स्क्रूला दुसरा हात लागतोच.
• कॅमेरा किंवा ब्लाइंड स्पॉट सेन्सर असलेला आरसा असेल तर बसवल्यावर कॅलिब्रेशन लागू शकतं. ते काम वर्कशॉपचं.
• पाबे घाट, मढे घाट, वरंधा घाट इथे अरुंद पुलावर समोरून एसटी आली तर पुलाच्या अलीकडेच थांबा. भोर-महाड रस्ता पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा.

परतीचा रस्ता

दुपारी निघाले. मामींनी डिकीत पाच किलो इंद्रायणी तांदूळ टाकला. मामा म्हणाले, “पोचल्यावर फोन कर. आणि त्या पुलावर सावकाश.” वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण मामांच्या तोंडात अजून वेल्हंच आहे. जुना मेकॅनिक नवं नावही स्क्रूसारखंच, हळूहळू आवळत घेतो.

विंझरच्या पुलापाशी मी अलीकडेच थांबले. समोर कोणीही नव्हतं, तरी थांबले. कठड्यावर लाल रंगाची एक रेघ अजून होती. आरशात तोरणा दिसत होता, होता त्यापेक्षा लहान आणि लांब.

चेलाडी फाट्याला तीच संध्याकाळची गर्दी. डावीकडे सरकायच्या आधी मी आरशात बघितलं. एक बाइक येत होती, पुढे टाकीवर पोर बसलेलं. तीच नव्हती, दुसरी कोणाची तरी. मी थांबले. ती पुढे निघून गेली. त्या माणसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

घरी पोचून मामांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “शिट्टी वाजली का?”

“नाही मामा.”

“मग बसलाय बराबर,” म्हणाले आणि फोन ठेवला.